वाचवलेली बाई

मी बुडत नव्हते. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकते, कारण गेल्या हिवाळ्यापासून हे वाक्य मी जिथे जिथे बोलायला घेतलं तिथे समोरच्याने ते पुरं होऊ दिलेलं नाही. "असू द्या हो, जिवावरचं टळलं ना," म्हणत लोक माझ्या हातावर थोपटतात. शेजारणीने थोपटलं, मुख्याध्यापकांनी थोपटलं, दूधवाल्यानेसुद्धा पिशवी देताना कळवळून मान हलवली. एकावन्न वर्षांच्या बाईला थोपटून घ्यायला आवडत असेल असं या सगळ्यांना का वाटतं, देव जाणे.

मी नाशिकला एका शाळेत गणित शिकवते. चार वर्षांपूर्वी डॉक्टरांनी साखरेचा आकडा दाखवला आणि मी सकाळी चालायला लागले. चालायचा कंटाळा आला म्हणून धावायला लागले. मुलगी नोकरीसाठी पुण्याला गेली तेव्हा तिची गिअरची सायकल जिन्याखाली धूळ खात पडली होती. ती पुसून काढली आणि त्र्यंबक रस्त्याला लागले. पहिल्या दिवशी एका ट्रकवाल्याने पार पिंपळगावच्या फाट्यापर्यंत हॉर्न वाजवून माझा जीव खाल्ला, तरी सायकल सोडली नाही. मग आमच्या धावणाऱ्यांच्या गटातल्या एकाने सांगितलं की धरणाच्या फुगवट्यावर ट्रायथलॉन होणार आहे. आधी साडेसातशे मीटर पोहायचं, मग तशाच ओल्या अंगाने वीस किलोमीटर सायकल, मग पाच किलोमीटर पळायचं. मध्ये विसावा नाही.

"सायकल आणि पळणं जमेल मॅडम तुम्हाला," तो म्हणाला. "पण पोहण्याचं काय?"

मला हसूच आलं. तिन्हींत मला खात्रीचं असं एकच होतं, ते पोहणं.

माझं माहेर मखमलाबादच्या बाजूला, मळ्यात. फुलं आणि भाजीपाला. घरापासून वीस पावलांवर विहीर. आईचा हिशेब सरळ होता. विहीर इतकी जवळ आहे म्हणजे पोर कधी ना कधी पडणारच, तर पडायच्या आधी शिकवलेलं बरं. मी सात वर्षांची असताना तिने माझ्या पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधला, स्वतः लुगड्याचा काष्टा घट्ट खोचून पाण्यात उतरली आणि मला पायरीवरून खाली ओढलं. पंधरा दिवसांनी डबा सुटला. महिन्याभरात मी वरून उड्या मारायला लागले, आणि त्याबद्दल तिचाच मार खाल्ला.

आमच्या विहिरीत पोहायचे दोन नियम होते. पहिला, डोकं पाण्याबाहेर. विहिरीत मोटरचा पाइप असतो, दोर लोंबत असतो, कधी एखादा दिवड साप फिरत असतो. समोर काय आहे ते न बघता डोकं आत घालून हात मारत सुटणारा माणूस आईच्या लेखी वेडा होता. दुसरा नियम, दमलं तर काठ धरायचा नाही. काठाचे दगड शेवाळलेले, हात निसटला की आपटायची भीती. दमलं की पाण्यातच उभं राहायचं. पाय खाली सावकाश हलते ठेवायचे, हात पसरून तळव्यांनी पाणी दाबायचं, हनुवटी वर. आई अशी तीस फूट पाण्यात उभी राहून वर काठावर आलेल्या व्यापाऱ्याशी झेंडूच्या भावावरून रीतसर भांडायची. व्यापारी दमायचा, ती दमायची नाही. आमच्या घरी पाण्यात उभं राहणं म्हणजे आराम होता. खाटेवर जरा पाठ टेकावी तसं.

लग्न झालं आणि पंचवीस वर्षं पाण्यात उतरणं सुटलं. कारण विचाराल तर काहीच नाही. कुणी बंदी घातली नव्हती, कुणी चल म्हटलंही नव्हतं. ट्रायथलॉनचं ठरलं तशी मी एका तलावावर बायकांच्या दुपारच्या बॅचला जाऊ लागले. पहिल्याच दिवशी अंगाने पाण्याला असं ओळखलं की मला रडू आलं. तिथल्या सरांनी मात्र कपाळाला हात लावला. "मॅडम, तोंड पाण्यात घाला. श्वास बाजूला घ्या. हे असं नसतं पोहायचं."

"अंतर कापलं जातंय ना?"

"जातंय हो, पण रीत चुकीची आहे."

यावर मी जरा ओशाळले. उत्तर बरोबर पण रीत चुकली म्हणून मी आजवर किती पोरांचे मार्क कापले असतील त्याला गणती नाही. पण साडेसातशे मीटर मी चोवीस-पंचवीस मिनिटांत आरामात काढत होते, आणि स्पर्धेत पोहण्याला वेळ होती चाळीस मिनिटांची. नियमांची पुस्तिका मी तीनदा वाचली. कुठल्याही पद्धतीने पोहलं तरी चालेल, असं त्यात स्वच्छ छापलं होतं. दमलात तर दोर धरून थांबा, बोटीला हात लावून थांबा, तेही चालेल. फक्त बोटीने उचलून वर घेतलं तर तुम्ही बाद.

मला पदकाची हाव नव्हती. बक्षिसं तरण्याताठ्यांची. मला हवी होती ती शेवटी लागणारी यादी. त्यात माझं नाव आणि नावापुढे तीन आकडे, पोहण्याचा, सायकलचा, पळण्याचा. अठ्ठावीस वर्षं मी दुसऱ्यांच्या गुणपत्रिका भरतेय. एक आपली हवी होती. यात जगावेगळं काय मागितलं मी?

स्पर्धेच्या दिवशी पहाटे नवऱ्याने गाडीने सोडलं. थंडी अशी की पाण्यावरून वाफा निघत होत्या. पुरुष शे-सव्वाशे, बायका अकरा. त्या अकरांत मी वयाने सगळ्यांत मोठी, हे निवेदकाने ध्वनिक्षेपकावरून चार वेळा सांगितलं. "घरचं सगळं सांभाळून आल्यात आपल्या ताई, जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत!" घरचं सांभाळून म्हणजे काय? माझ्या शेजारी उभा होता तो गृहस्थ घर पेटवून आला होता का?

त्या गृहस्थाचं पोट पोहण्याच्या कपड्यात मावत नव्हतं. नाव नोंदवून पायाला वेळ मोजायची चिप बांधायच्या टेबलावर त्याला विचारलं, "सर, चहा घेतला का?" मागोमाग मला विचारलं, "ताई, नक्की येतं ना पोहता?" मी म्हटलं, येतं. तर पुन्हा, "म्हणजे धरणात बरं का, टाकीत नाही." मी म्हटलं, मी विहिरीत शिकलेय. यावर टेबलामागच्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. ते पाहणं मला तेव्हाच कळायला हवं होतं.

बायकांना आधी सोडलं. पाणी गार होतं, पण चार हात मारल्यावर अंगात ऊब आली. वळणाच्या खुणेचा पहिला केशरी फुगा गाठला, वळले, दुसऱ्याकडे निघाले. माझ्यापुढे बायकांच्या सहा गुलाबी टोप्या होत्या, मागे चार. म्हणजे बरं चाललं होतं. तेवढ्यात मागून गलका ऐकू आला. पुरुषांची तुकडी सुटली होती आणि जोराने हातपाय झोडत अंगावर येत होती. एकाची टाच माझ्या बरगडीला लागली. मी विचार केला, यांना जाऊ द्यावं. घाई कसली आहे? दहा मिनिटंही झाली नव्हती. मी बाजूला सरले आणि पाण्यात उभी राहिले.

खरं सांगते, त्या क्षणी मी फार सुखात होते. ऊन नुकतं डोंगराच्या पाठीवर आलं होतं. पाय आपोआप हलत होते. पन्नाशी उलटलेली मी आणि विहिरीत अर्धा अर्धा तास उभी राहणारी ती परकरातली पोर यांच्यात काही अंतरच उरलं नव्हतं. मी मनात सायकलचा रस्ता मोजत होते, चढाला कुठला गिअर टाकायचा ते ठरवत होते.

आणि पाठीमागून कुणीतरी माझ्या काखेत हात घातले.

"घाबरू नका ताई, धरलंय तुम्हाला."

मी दचकले. अनोळखी पुरुषाने पाठीमागून काखेत हात घातल्यावर कुठलीही बाई दचकेल तशी. "सोडा! मी आराम करतेय!"

"हो हो, करा आराम. आता काही काळजी नाही."

"अहो, मला येतं पोहता!"

"येतं ताई, येतं. अंग सैल सोडा फक्त."

मी त्याच्या हातावर चापट मारली. तर बोटीतला दुसरा ओरडला, "पॅनिक झाल्यात त्या! घट्ट धर, बुडवतील तुलापण!" मी जितकं ओरडावं तितकं त्यांना मी बुडतेय हे पटत जाई. गप्प बसले असते तर शुद्ध हरपली म्हणाले असते. दोघांनी मिळून मला कांद्याच्या गोणीसारखं रबरी बोटीत ओढलं. गुडघा खरचटला, टोपी पाण्यात पडली. काठावर टाळ्या वाजल्या. टाळ्या! मी उठून बसले आणि आजूबाजूने जाणाऱ्या डोक्यांकडे बघत राहिले. दोराला लोंबकळत, खोकत, पाणी ओकत तो पोटवाला गृहस्थ निघाला होता. त्याला बोटीतून कुणीतरी ओरडून म्हणालं, "शाब्बास सर! थोडंच राहिलंय!"

काठावर नवरा टॉवेल घेऊन धावत आला. त्याचे डोळे लाल झाले होते. त्याने मला टॉवेलात गुंडाळलं आणि म्हणाला, "मी म्हणत होतो, धरणबिरण नको."

"मी बुडत नव्हते."

"बरं बरं. आधी बस खाली."

सव्वीस वर्षांचा संसार. याने मला कधी पोहताना पाहिलं नव्हतं हे खरं, पण कधी खोटं बोलताना तरी पाहिलं होतं का?

मला ॲम्ब्युलन्समध्ये नेऊन रक्तदाब घेतला. वाढलेला होता. डॉक्टरीणबाई तरुण होती, गोड बोलली. "भीतीने होतं असं." मी म्हटलं, हे भीतीचं नाही, संतापाचं आहे. तिने कागदावर काहीतरी लिहिलं. संताप असं नक्कीच लिहिलं नसणार. तोवर एक पंच आले, खाली वाकून त्यांनी माझ्या घोट्याची चिप सोडवली आणि खिशात टाकली. परवानगी विचारली नाही. पायातलं पैंजण काढून न्यावं तसं वाटलं मला.

मी त्यांच्या मागे गेले. टॉवेलात, अनवाणी, थंडीने दात वाजत असताना मी त्या माणसाशी वाद घातला.

"मला सायकलवर तरी जाऊ द्या."

"नियम आहे मॅडम. बोटीत घेतलं की बाद."

"मी बोट मागितली नव्हती. कुठल्याही पद्धतीने पोहता येईल असाही नियम आहे."

"पण तुम्ही पोहत नव्हता. एका जागी उभ्या होता."

"उभं राहायला बंदी आहे का? दाखवा पुस्तिकेत."

त्यांनी खरोखर पुस्तिका उघडली. पानं चाळली. बंदी सापडली नाही. मग पुस्तिका मिटून त्यांनी ते वाक्य म्हटलं जे मला आता झोपेतसुद्धा ऐकू येतं. "मॅडम, उद्या तुम्हाला काही झालं असतं तर आम्हाला केवढ्याला पडलं असतं?" म्हणजे माझी काळजी नव्हतीच. मला न झालेल्या अपघाताची त्यांना काळजी होती. ज्याला झाला असता त्याला विचारायची गरज कुणाला वाटली नाही.

ज्याने मला ओढलं तो जीवरक्षक नंतर स्वतःहून भेटायला आला. देवळाली कॅम्पाकडचा, तिशीतला, खांद्याने रुंद, बोलायला साधा. त्याच्यावर ओरडायचं म्हणून मी तोंड उघडलं, पण तो आधीच म्हणाला, "ताई, बरं वाटतंय ना? आम्हाला शिकवलेलं असतं, डोकं वर, अंग उभं, पुढं सरकत नाही, म्हणजे माणूस गेला. थांबून विचारत बसलो तर तेवढ्यात खाली जातो."

"मी तर मोठ्याने सांगत होते."

"सगळेच सांगतात ताई, मला येतंय म्हणून." मग जरा घोटाळून म्हणाला, "पण तुमचा श्वास लागला नव्हता, हे मला बोटीत घेतल्यावर जाणवलं. तोवर घेतलं होतं."

म्हणजे एका माणसाला कळलं होतं. मी म्हटलं, मग चला, पंचांना सांगा. त्याचा चेहरा उतरला. "ताई, माझं काम जाईल." मी त्याला सोडून दिलं. त्याचं म्हणणं मला समजलं. रागही होताच.

खरा प्रकार पुढे आहे.

पुढचे स्पर्धक पोचले, स्टेजवर बक्षिसं सुरू झाली. मला निघायचं होतं, पण सायकल ठेवलेल्या जागेतून शेवटचा स्पर्धक येईपर्यंत कुणाला सायकल नेऊ देत नव्हते. म्हणून आम्ही दोघं मागच्या खुर्च्यांवर बसलो होतो. आणि निवेदक गरजला, "आज या ठिकाणी एक अनर्थ टळला आहे! मृत्यूच्या दाढेतून आपल्या एका भगिनीला परत आणणाऱ्या वीराचा सत्कार आपण करणार आहोत. आणि तो सत्कार कुणाच्या हस्ते व्हावा? अर्थातच त्या भगिनीच्या हस्ते!"

सत्काराशिवाय आपल्याकडे पाणीसुद्धा तापत नाही, हे मला माहीत आहे. शाळेत मी स्वतः शालींचं पाकीट कपाटात तयार ठेवते. पण माझ्याच हाताने माझ्या बुडण्याचा सत्कार, ही कल्पना कुणाच्या डोक्यातून निघाली असेल? सगळ्यांच्या माना मागे वळल्या. टाळ्या सुरू झाल्या. मी नवऱ्याला म्हटलं, मी जाणार नाही. तो कानाशी म्हणाला, "ऊठ, वाईट दिसतं."

मी उठले. स्टेजवर गेले. कुणीतरी तबक पुढे केलं. मी शाल उलगडली आणि त्या माणसाच्या रुंद खांद्यांवर घातली, नारळ दिला, गुलाब दिला. त्याने मान इतकी खाली घातली होती की त्याचे डोळे मला दिसले नाहीत. फोटोवाल्याने आणखी एकदा घालायला लावली, पहिल्यांदा नीट आलं नव्हतं म्हणून. मग निवेदकाने माइक माझ्या हातात दिला. "ताई, भावना अनावर झाल्या असतील, तरी दोन शब्द."

समोर तीनशे माणसं होती. सगळ्यांचे चेहरे प्रेमळ. मी माइक तोंडाशी धरला आणि म्हणाले, "धन्यवाद."

पुढच्या दिवसांत या एका गोष्टीला किती पाय फुटले त्याचं काय सांगावं. कुठल्याशा स्थानिक पानावर बातमी आली, 'बुडणाऱ्या शिक्षिकेला जीवदान'. नणंदेने देवीला नारळ फोडला आणि त्याचा प्रसाद घरी पाठवला. कॉलनीतल्या बायका येऊन बसल्या आणि एकेकीने आपापल्या ओळखीतला बुडालेला माणूस सांगितला. शाळेत मुख्याध्यापकांनी प्रार्थनेनंतर जलसुरक्षेवर पंधरा मिनिटं भाषण केलं आणि उदाहरण म्हणून माझ्याकडे हात केला. मी पोरांच्या रांगेपुढे उभी होते. नववीतल्या एकीने तासाला हात वर केला. "बाई, तुम्ही खरंच बुडालात?" मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, "पण सर म्हणाले." मी फळ्याकडे वळले आणि समीकरण लिहायला घेतलं. दुसरं काय करणार होते?

मग यादी आली. स्पर्धेच्या पानावर माझं नाव होतं. नावापुढे तीन आकड्यांच्या जागी एकच शब्द होता, 'रेस्क्यू'. मी संयोजकांना फोन केला. एकदा, दोनदा, पाच वेळा. पाचव्यांदा उचलला.

"तो शब्द काढा. मी बुडत नव्हते."

"मॅडम, किती निगेटिव्ह घेताय! तुमच्यामुळे इव्हेंटला किती चांगली प्रसिद्धी मिळाली."

"मला प्रसिद्धी नको. निदान नुसतं 'अपूर्ण' लिहा."

"ते सिस्टीममध्ये गेलंय. आणि मॅडम, पुढच्या वर्षी यायचं असेल तर पोहण्याचा दाखला लागेल बरं का. एकदा रेस्क्यू झालेल्यांना आपण तसं घेत नाही."

मी दाखला आणायला तलावावरच्या सरांकडे गेले. ते म्हणाले, देतो, पण तोंड पाण्यात घालून पन्नास मीटर पोहून दाखवा. मी म्हटलं, मी तुमच्यासमोर साडेसातशे मीटर पोहलेय. ते म्हणाले, हो, पण तसं नाही धरता येत. म्हणजे मला पोहता येतं हे ज्याने डोळ्यांनी पाहिलंय तोही लिहून द्यायला तयार नाही. मी घरी येऊन पोळ्या लाटल्या. त्या दिवशी पोळपाटाचा एक पाय मोडला.

शेवटी एका रविवारी मी सायकल काढली आणि मळ्यात गेले. आईकडे. पंच्याहत्तरी उलटली आहे, गुडघे गेलेत, विहिरीच्या पायऱ्या आता उतरत नाही. पण सकाळच्या वेळी शेवंती खुडायला ती बसतेच. मला रागवायला कुणीतरी सोबत हवं होतं. माझ्या बाजूने रागवणारं. जगात तसं एकच माणूस असेल तर ते हेच, असं मला वाटत होतं.

मी सरीत तिच्याशेजारी बसून सगळं सांगितलं. ती खुडता खुडता ऐकत होती. मग हात लुगड्याला पुसून तिने कमरेची पिशवी उघडली आणि त्यातून भावाचा जुना फोन काढला. "इडियो आलाय," ती म्हणाली. "तुझ्या भावानं लावून दिलाय. रोज बघते मी."

संयोजकांनी ड्रोनवरून घेतलेली ती फीत होती, खाली दुःखी संगीत घातलेली. ती सगळीकडे फिरत होती, पण मी पाहणं टाळत आले होते. आईने फोन डोळ्यांजवळ नेला आणि जाड बोट पडद्यावर ठेवलं. वरून काळंशार पाणी दिसत होतं, पांढरा फेस उडवत जाणारी माणसं, आणि त्यांच्या बाजूला स्थिर असा एक गुलाबी ठिपका.

"ही तू उभी हाय," आई म्हणाली. "हात बघ ना. पाणी दाबती. डबा सुटला तव्हा असंच उभी ऱ्हायची तू." तिने फीत मागे नेली आणि पुन्हा दाखवली. "कोण म्हनलं बुडत व्हती? आंधळी हायेत का काय? लय निवांत उभी हाय."

इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी ते नुसतं बघून ओळखलं होतं. मला समजावून सांगावं लागलं नव्हतं. मी तिच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि तिच्या हातातल्या शेवंतीच्या वासात खुशाल रडले. तिने रडू दिलं.

फीत संपली नव्हती. संगीत बदललं आणि स्टेज आलं. तबक आलं. मी शाल उलगडताना दिसले, दोन वेळा. मग माइक. मी हसत होते. हसत होते हे मला आठवत नव्हतं.

आईने फोन खाली केला आणि माझ्याकडे पाहिलं.

"मंग ही शाल का घातली त्याला?"

"अगं, सगळे बघत होते. एवढी माणसं, फोटोवाले. अशा वेळी कसं..."

"सगळे बघत व्हते," आई म्हणाली, "तव्हाच सांगायचं असतं. आता मला सांगून काय उपेग? मला तर म्हायतीच हाय."

तिने फोन पिशवीत टाकला, टोपली पुढे सरकवली आणि पुढच्या झाडाला हात घातला. ती रागावलेली नव्हती. तिला खरंच कळलं नव्हतं, म्हणून तिने विचारलं होतं. मी आठवून पाहिलं. निवेदकाने माइक दिला तो हिसकावून परत घेतला नव्हता. मी देईपर्यंत तो वाट बघत उभा होता.